मनगट, अंगठा आणि हातातला फोन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे हाताच्या दुखण्याविषयी आहेत, म्हणून या अंकातील सगळी जागा त्यांनाच दिली आहे. बहुतेकांनी आपल्या दुखण्याचे कारण स्वतःच शोधून लिहिले आहे आणि ते एकच आहे : मोबाइल. काहींच्या बाबतीत ते खरे आहे, काहींच्या बाबतीत अर्धे खरे आहे, आणि काहींच्या बाबतीत फोनला दोष देत बसल्यामुळे खरा आजार मागे राहून जाण्याची भीती आहे. तालुक्याच्या गावी रोज रुग्ण तपासताना मला हेच दिसते. आपल्याकडे फोन रिकाम्या हातात येत नाही. निंदण, वेचणी, सोंगणी आणि घरकाम करून थकलेल्या हातात तो संध्याकाळी येतो, त्यामुळे शहरातील कचेरीत बसणाऱ्या माणसासाठी लिहिलेला सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात अंगणवाडी सेविका आहे. वय ३८. दोन महिन्यांपासून उजव्या मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला ठणका लागतो. पाण्याची गुंडी उचलताना, कपडे पिळताना आणि कणीक मळताना कळ कोपरापर्यंत जाते. मुलांची वजने, उंची, आहारवाटप या सगळ्या नोंदी फोनवर कराव्या लागतात आणि रेंज गेली की तीच नोंद पुन्हा करावी लागते. ‘फोन बंद ठेवा’ असे मला सांगण्यात आले. फोन बंद ठेवला तर माझे काम कसे होणार?

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. ‘फोन बंद ठेवा’ हे सांगणे सोपे आहे. परंतु २०२१ पासून अंगणवाडीच्या नोंदी पोषण ट्रॅकर या फोनवरच्या सरकारी अ‍ॅपमध्ये भरल्या जातात, आणि ज्या कामावर मानधन अवलंबून आहे ते सोडून द्या असे सांगणे म्हणजे सोंगणीला निघालेल्या मजुराला विळा हातात धरू नका म्हणण्यासारखे आहे. फोन राहणार आहे असे धरूनच उपाय शोधला पाहिजे, आणि तसा उपाय आहे.

तुम्ही दुखण्याची जी जागा लिहिली आहे ती ‘डी क्वेर्वेन’ नावाच्या आजाराची अगदी ठरलेली जागा आहे. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, त्यावरून दोन कंडरा अंगठ्याकडे जातात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. नेफ्यातून नाडी जावी तशा या दोन्ही कंडरा एका अरुंद आवरणातून सरकतात. अंगठा तासन्‌तास पसरत आणि वाकवत राहिले, आणि त्याच वेळी मनगट करंगळीकडे झुकलेले असले, की ते आवरण जाड होते, नेफा आवळला जातो आणि प्रत्येक हालचालीला नाडी घासू लागते. एका हातात फोन धरून त्याच हाताच्या अंगठ्याने अक्षरे दाबताना नेमके हेच घडते. चार बोटे फोन पेलण्यात गुंतलेली असतात आणि पडद्याच्या दूरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचण्याचे सगळे काम एकट्या अंगठ्यावर येते. जुना बटणांचा फोन शंभर ग्रॅमच्या आसपास असे. आताचा साधारण दोनशे ग्रॅमचा असतो, वर त्याला जाड कव्हर असते.

तरीही हा आजार फोनने जन्माला घातलेला नाही. स्वित्झर्लंडमधील शल्यचिकित्सक फ्रिट्झ डी क्वेर्वेन यांनी त्याचे वर्णन १८९५ मध्ये केले, आणि पुढे कित्येक वर्षे तो धुणे पिळणाऱ्या स्त्रियांचे दुखणे म्हणूनच ओळखला जात होता. फोनशी त्याची सांगड अलीकडे घातली गेली. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील एका ३४ वर्षांच्या गर्भवती डॉक्टरची हकीकत छापून आली होती. नाताळच्या आदल्या दिवशी त्या ड्युटीवर होत्या, म्हणून साचलेल्या शुभेच्छांना उत्तरे देताना दुसऱ्या दिवशी त्यांनी १३० ग्रॅमचा फोन किमान सहा तास हातात धरला, आणि त्यानंतर दोन्ही मनगटे दुखू लागली. त्यांना संदेश पाठवणे पूर्ण थांबवण्यास सांगितले गेले होते. ३१ डिसेंबरला त्यांनी पुन्हा संदेश पाठवले आणि दुखणे पुरते गेले नाही. डॉक्टरलाही पथ्य पाळता आले नाही, हे मी तुम्हाला धीर यावा म्हणून सांगते आहे. तुमचा हात कपडे पिळतो, गुंडी उचलतो, कणीक मळतो आणि मग नोंदी भरतो. कारण या सगळ्यांचे मिळून आहे, आणि म्हणून उपायही सगळीकडे थोडा थोडा करावा लागेल.

खात्रीसाठी एक साधी चाचणी घरी करता येते. अंगठा तळहातात दुमडा, त्यावर चार बोटे मिटा आणि मनगट हळूच करंगळीच्या बाजूला झुकवा. अंगठ्याकडील उंचवट्यावर तीव्र कळ आली तर बहुधा हाच आजार आहे. थोडा ताण निरोगी हातालाही जाणवतो, म्हणून दोन्ही हात पडताळून पाहावेत. चाचणी एकदाच करावी. दुखते का हे पाहण्यासाठी ती रोज करत राहिल्याने आवरण आणखी सुजते.

उपचाराचा पहिला आणि सर्वांत मोठा भाग म्हणजे अंगठ्याला विश्रांती. त्यासाठी औषधांच्या दुकानात अंगठ्यासह मनगट धरून ठेवणारा पट्टा मिळतो. तो घेताना अंगठा आतून आधारलेला आहे ना हे पाहावे, कारण नुसत्या मनगटाला गुंडाळलेल्या क्रेप बँडेजने अंगठा मोकळाच राहतो आणि काही उपयोग होत नाही. हा पट्टा तीन ते सहा आठवडे, रात्री झोपताना आणि दिवसा शक्य तितका वेळ वापरावा. आंघोळीला आणि स्वयंपाकाला काढला तरी चालेल. दुखऱ्या जागेवर फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची पट्टी दहा मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा ठेवावी. वेदनाशामक मलम लावता येते, मात्र ते चोळून जिरवू नये, हलक्या हाताने पसरावे.

आता फोनविषयी. नोंदी भरताना फोन हातात न धरता टेबलावर किंवा रजिस्टरच्या चवडीला टेकवून ठेवा आणि तर्जनीने अक्षरे दाबा. या एका बदलाने अंगठ्याचे काम जवळजवळ संपते. जेथे वाक्ये लिहायची असतील तेथे बोलून लिहिण्याची सोय वापरा. ही सोय मराठीत २०१७ पासून उपलब्ध आहे आणि वऱ्हाडी वळणाची बोलीही ती बऱ्यापैकी उतरवते, असा माझ्या रुग्णांचा अनुभव आहे. दिवसभराच्या नोंदी वहीत साठवून रात्री सलग दोन तास भरण्याची सवय अनेक सेविकांना असते. रेंज साथ देत असेल तर तेच काम दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत करावे. घरी कपडे हाताने पिळण्याऐवजी दांडीवर निथळत ठेवावेत, गुंडी दोन्ही तळहात खाली घालून उचलावी आणि या सहा आठवड्यांपुरती कणीक मळण्याची जबाबदारी घरातील दुसऱ्या कोणावर तरी सोपवावी. घरच्यांना हे सांगताना संकोच वाटत असेल तर हा अंक त्यांच्यासमोर ठेवावा.

गोळ्यांविषयी मात्र मला काळजीने लिहायचे आहे. वेदनाशामक गोळ्या आपल्याकडे किराणा दुकानातही मिळतात आणि मजुरीवर जाण्याआधी एक गोळी घेण्याची प्रथाच पडली आहे. या गोळ्यांमुळे पोटात व्रण होऊ शकतो. ज्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यांत पारा ४५ अंशांवर जातो, त्या दिवसांत शरीरातले पाणी कमी झालेले असताना घेतलेल्या अशा गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी घेऊ नये, आणि ज्यांना काही आजार नाही त्यांनीही काही दिवसांपलीकडे त्या चालू ठेवू नयेत.

सहा आठवड्यांत आराम पडला नाही तर आवरणात स्टिरॉइडचे एक इंजेक्शन दिले जाते. स्टिरॉइड या शब्दाला घाबरू नये. ते जागेवरच दिले जाते आणि बहुसंख्य रुग्णांचे दुखणे त्याने थांबते. त्या जागेची त्वचा फिकट पडू शकते आणि मधुमेही रुग्णाची साखर काही दिवस वाढते, एवढे माहीत असावे. एक-दोन इंजेक्शनांनीही फरक पडला नाही, तर भूल फक्त मनगटापुरती देऊन आवरण मोकळे करण्याची लहानशी शस्त्रक्रिया करतात. त्याच दिवशी घरी जाता येते. वेळेवर पट्टा बांधलेल्या फार थोड्या रुग्णांवर तेथपर्यंत जाण्याची वेळ येते.

प्रश्न : माझी मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. बाळ तीन महिन्यांचे आहे. तिची दोन्ही मनगटे अंगठ्याच्या बाजूने दुखतात. बाळाला पाजताना ती सतत फोन पाहते म्हणून मी तिला रागावते. शेजारणी म्हणतात की बाळंतवात आहे.

उत्तर : मुलीला रागावू नका. वर वर्णन केलेला आजार नव्या आयांमध्ये नेहमी आढळतो आणि फोनला हातही न लावणाऱ्या आईलाही तो होतो. बाळाला काखेत धरून उचलताना दोन्ही अंगठे ताणले जातात आणि मनगटे वाकतात. दिवसातून कित्येक वेळा, वाढत्या वजनासह हे घडते. बाळाच्या पाठीखाली आणि मानेखाली तळहात सपाट सरकवून, अंगठे बोटांना जोडून ठेवून उचलायला तिला शिकवा. पाजताना बाळ उशीवर ठेवावे, म्हणजे हातावर भार येत नाही. अंगठ्याचा पट्टा वापरावा. अंगावर पाजणाऱ्या आईला पॅरासिटामॉल चालते. इतर औषधे विचारून घ्यावीत. बहुतेकींचे दुखणे काही महिन्यांत ओसरते. पाजतानाच्या वेळेपुरता फोन बाजूला राहिला तर बरेच आहे, परंतु त्या वेळेत तिची मान आणि हात मोकळे राहावेत यासाठी.

प्रश्न : माझे वय ५२. अमरावती जिल्ह्यात आमची कोरडवाहू शेती आहे. रात्री दोन-तीनच्या सुमारास उजवा हात बधिर होऊन जाग येते, मुंग्या येतात, हात झटकला की बरे वाटते. सकाळी भाकर थापताना बोटांना पीठ जाणवत नाही. मुलगा म्हणतो की तू रात्री फोनवर कीर्तन पाहतेस म्हणून असे होते. फोन बंद केला तरी फरक नाही. (हे पत्र मुलीने लिहून दिले आहे.)

उत्तर : काकू, तुमच्या पत्रातील ‘हात झटकला की बरे वाटते’ हे एक वाक्य निदानाच्या फार जवळ नेते. मनगटाच्या तळहाताकडील बाजूला हाडांचा एक अरुंद बोगदा आहे आणि त्यावर जाड पट्टीचे छत आहे. त्यातून बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. आतील आवरणांना सूज आली की जागा अपुरी पडते आणि त्या गर्दीत मज्जातंतू दाबला जातो. या आजाराला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. झोपेत मनगट नकळत दुमडले जाते, दाब वाढतो आणि म्हणून जाग येते. मुंग्या अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात येतात, करंगळी सुटते. तुमच्या करंगळीला काय होते ते तुम्ही लिहिलेले नाही. आज रात्री जाग आली की एकेक बोट चाचपून पाहा.

कीर्तन पाहण्याने हा आजार झाला असे मला वाटत नाही. आडवे पडून, मनगट दुमडून फोन छातीवर धरला तर मुंग्या लवकर सुरू होतात हे खरे. परंतु तुमच्या वयात मुळाशी बहुतेक वेळा दुसरे काही असते. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, वाढलेले वजन, सांध्यांचा आमवात ही नेहमीची कारणे आहेत. त्यात वर्षानुवर्षे मुठीत घट्ट धरलेले खुरपे आणि धार काढताना दाबली जाणारी बोटे यांची भर पडते. म्हणून फोन बंद करण्यापेक्षा रक्तातील साखर आणि थायरॉइडची तपासणी आधी करून घ्या.

उपचाराची सुरुवात रात्रीच्या पट्ट्याने होते. हा पट्टा मनगट सरळ ठेवतो. वर उचललेले नाही, खाली झुकलेलेही नाही. सहा आठवडे रोज रात्री वापरल्यास सौम्य दुखण्यात चांगला गुण येतो. न आल्यास बोगद्यात इंजेक्शन देता येते. मात्र बोटांची जाणीव सतत, दिवसाही गेलेली असेल, हातातून भांडे निसटत असेल किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा दुसऱ्या हाताच्या तुलनेत सपाट झालेला दिसत असेल, तर पट्ट्यावर आणि तेलावर दिवस घालवू नका. मज्जातंतू फार काळ दाबलेला राहिला तर नंतर तो मोकळा करूनही स्नायू पूर्ववत होत नाही. तुम्हाला सकाळी पीठ जाणवत नाही हे वाचून मला असे वाटते की तुम्ही या महिन्यातच दाखवावे. मज्जातंतूच्या वहनाची चाचणी करून दाब किती आहे ते ठरवतात, आणि गरज पडल्यास छताची पट्टी कापून बोगदा मोकळा करतात. रात्रीच्या मुंग्या त्यानंतर बहुधा लवकर थांबतात. मुठीतला जोर परत यायला काही महिने लागतात, म्हणून शस्त्रक्रिया ठरवताना वेचणीचा हंगाम लक्षात घ्यावा.

प्रश्न : नागपूर जिल्ह्यात राहतो, वय २९. पावसाळ्यात चार दिवस ताप येऊन गेला. तेव्हापासून दोन्ही मनगटे, बोटे आणि घोटे दुखतात, सकाळी मूठ मिटत नाही. मी दिवसाचे पाच तास फोन पाहतो. सवय सोडली तर बरे वाटेल का?

उत्तर : सवय कमी करा, परंतु हे दुखणे तिचे नाही. फोन घोटे दुखवत नाही. तापानंतर दोन्ही बाजूंचे लहान सांधे एकदम धरले, याचा अर्थ प्रथम चिकुनगुनियाचा विचार केला पाहिजे. २०२४ च्या पावसाळ्यात नागपुरात या आजाराची मोठी लाट आली होती आणि ताप उतरल्यावरही कित्येक महिने मनगटे धरून राहिलेले रुग्ण तेव्हा आम्ही पाहिले. रक्ताच्या तपासणीने निदान होते. ताप चालू असताना, डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत, पॅरासिटामॉलशिवाय दुसरे वेदनाशामक घेऊ नये, कारण डेंग्यूत त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. हे घरातील सर्वांना सांगून ठेवा. ताप गेल्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने सूज कमी करणारी औषधे, कोमट पाण्याचा शेक आणि हळूहळू वाढवत नेलेला बोटांचा व्यायाम यांनी बहुतेक जण बरे होतात. सकाळचा ताठरपणा तासाभराहून अधिक राहत असेल आणि तीन महिन्यांनंतरही सूज असेल, तर आमवाताची तपासणी करून घ्या.

प्रश्न : मी पोलीस भरतीची तयारी करतो. घर चंद्रपूर जिल्ह्यात. डाव्या हाताच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला सतत मुंग्या येतात. अभ्यासाचे व्हिडिओ पाहताना कोपर टेकवून फोन धरतो. हाताची पकड कमी झाली तर भरतीत अडचण येईल का?

उत्तर : करंगळीचा मज्जातंतू बहुधा मनगटात नव्हे, कोपरात दाबला जातो. कोपर कशावर तरी आपटले की झणका करंगळीपर्यंत जातो, तोच हा तंतू. कोपर फार वेळ दुमडून ठेवले तर तो ताणला जातो आणि टेकवून ठेवले तर चेपला जातो. तुम्ही दोन्ही करता. फोन समोर उभा करून ठेवा, बोलताना इअरफोन वापरा, कोपराखाली कडक काही नको, आणि झोपताना कोपर दुमडू नये म्हणून त्याभोवती टॉवेल सैल गुंडाळा. एवढ्याने महिना-दीड महिन्यात मुंग्या कमी व्हायला हव्यात, आणि कमी झाल्या तर भरतीची चिंता नको.

परंतु तुमचा जिल्हा वाचून मी एक गोष्ट आवर्जून विचारते. अंगावर कोठे फिकट किंवा तांबूस, जाणीव नसलेला चट्टा आहे का? कोपराच्या आतील बाजूला दोरीसारखे जाड काही लागते का? पूर्व विदर्भात कुष्ठरोग अजून आहे आणि तो याच मज्जातंतूला कोपरापाशी पकडतो. बाबा आमट्यांचे आनंदवन तुमच्याच जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ आहे. तेथील कामामुळे या रोगाविषयीची भीती पुष्कळ कमी झाली, तरी चट्टा लपवण्याची सवय गेलेली नाही. लपवण्यासारखे त्यात काही नाही. बहुविध औषधोपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतो, तो सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण होतो, आणि बोटे वाकडी होण्यापूर्वी सुरू केला तर हात शाबूत राहतो. चट्टा नसेल तरी एकदा केंद्रात कोपर दाखवून या. तपासणीला पाच मिनिटे लागतात.

प्रश्न : बुलडाणा जिल्ह्यात माझे किराणा दुकान आहे, वय ५७, मधुमेह आहे. सकाळी उजव्या हाताचे अनामिका बोट मिटलेलेच राहते. दुसऱ्या हाताने ओढले की खटकन उघडते. दिवसभर फोनवर हिशेब करतो, त्यामुळे असेल का?

उत्तर : फोनपेक्षा मधुमेहाचा वाटा मोठा आहे. बोट मिटवणाऱ्या कंडरेवर तळहाताच्या वरच्या रेषेपाशी एक कडी असते. कंडरेला गाठ आली की ती कडीत अडकते. याला ट्रिगर फिंगर म्हणतात. बोट ओढून उघडण्याची सवय सोडा. सकाळी कोमट पाण्यात हात ठेवून ते आपोआप उघडू द्या आणि रात्री बोट सरळ ठेवणारी पट्टी लावा. इंजेक्शनाचा गुण मधुमेहींमध्ये तुलनेने कमी येतो आणि साखरही वाढते, म्हणून आधी साखर ताब्यात आणा. बोट वारंवार अडकत असेल तर कडी मोकळी करण्याची शस्त्रक्रिया अगदी लहान असते.

प्रश्न : मनगट दुखते म्हणून गावातील जाणत्याने नस बसवून दिली आणि बिब्बा लावला. आता तेथे फोड आले आहेत. (वाशीम जिल्हा)

उत्तर : फोड फोडू नका, साध्या पाण्याने आणि साबणाने जागा धुवा, कोरडी ठेवा आणि आजच डॉक्टरांना दाखवा. बिब्ब्याचा रस त्वचा जाळतो. त्या जळण्यापुढे आतील दुखणे काही काळ जाणवत नाही, म्हणून गुण आला असे वाटते, पण आतील सूज तशीच राहते आणि वर जखम होते. पुढे स्टिरॉइडचे इंजेक्शन देण्याची गरज पडली तर जखम भरेपर्यंत तेही देता येत नाही. नस बसवणे म्हणजे मनगटाला दिलेला झटका. सुजलेल्या आवरणाला त्याने इजा होते, आणि हाडाला बारीक तडा असेल तर तो सरकतो. पडल्यानंतर मनगट दुखत असेल तर एक्स-रे काढल्याशिवाय कोणालाही हात ओढू देऊ नये. आजी हलक्या हाताने कोमट तेल लावून देत असेल तर माझी काही हरकत नाही.

प्रश्न : नातू नऊ वर्षांचा आहे. सुट्टीत चार-चार तास गेम खेळतो, अंगठे दुखतात म्हणतो. (भंडारा जिल्हा)

उत्तर : आठ-दहा दिवस गेम पूर्ण बंद ठेवा. मुलांचे सांधे लवचीक असतात आणि नुसत्या वापराने आलेले दुखणे तेवढ्यात जाते. त्या दिवसांत त्याला रोज संध्याकाळी मैदानावर न्यावे लागेल. फोन काढून घेतला आणि दुसरे काही दिले नाही, तर दुखणे लपवून तो पुन्हा खेळेल. गेम बंद करूनही सांधा सुजलेला, गरम किंवा सकाळी ताठर असेल, तर तो लहान मुलांचा संधिवात असू शकतो आणि त्यासाठी बालरोगतज्ज्ञांकडे लवकर जावे.

प्रश्न : हे सगळे नागपूरलाच जाऊन दाखवावे लागते का? खर्च किती येतो? (वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांतून दोन पत्रे)

उत्तर : सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रात करावी. साखरेची तपासणी, साधी औषधे आणि कुष्ठरोगाची चाचणी तेथे होते. अस्थिरोगतज्ज्ञ उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात भेटतात. मज्जातंतूची चाचणी किंवा शस्त्रक्रिया लागली तर वर्ध्याच्या वाचकांना सेवाग्राम आणि सावंगी येथील रुग्णालये जवळ आहेत. नागपूरला मेडिकल आणि मेयो ही शासकीय रुग्णालये आहेत. गडचिरोलीच्या वाचकांनी एवढ्या लांब जाण्यापूर्वी ई-संजीवनी या फोनवरून सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेवरून डॉक्टरांशी बोलून घ्यावे. शासकीय रुग्णालयात या आजारांचा खर्च कोणाला शेत गहाण टाकायला लावील असा नाही. खरा खर्च बुडालेल्या मजुरीचा आणि हेलपाट्यांचा असतो, आणि तो एका गोष्टीने निम्मा करता येतो.

गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तुमचा हात पाहायला डॉक्टरांना दोन-तीन मिनिटेच मिळतात. म्हणून निघण्यापूर्वी वहीच्या कोऱ्या पानावर हात ठेवा आणि पेन्सिलने त्याची आकृती काढा. एक तळहाताची, एक मागच्या बाजूची. जेथे दुखते तेथे फुली मारा, जेथे मुंग्या येतात तो भाग पेन्सिलने भरून काढा, आणि खाली लिहा : केव्हा सुरू झाले, रात्री जाग येते का, दिवसा हात कोणते काम करतो, फोन कोणत्या हातात किती वेळ असतो, कोणत्या गोळ्या चालू आहेत. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या मुलाकडून लिहून घ्या. तो कागद केसपेपरला टाचून डॉक्टरांसमोर ठेवा.